छिद्रांचं सिलिकॉन लायनर: दोन उन्हाळे वापरल्यावर

लायनर म्हणजे कृत्रिम पाय घालण्याआधी स्टंपवर, म्हणजे कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर, मोज्यासारखं चढवायचं अस्तर. हे छिद्रांचं लायनर मी जानेवारी २०२४ मध्ये घेतलं आणि त्याबद्दल आत्ता लिहिते आहे. थंडीत लायनरबद्दल झालेलं मत अकोल्यात मार्च उजाडला की टिकत नाही, हे आधीच्या दोन लायनरच्या वेळी मी अनुभवलं होतं. डिसेंबरात कुठलंही लायनर छानच वाटतं. आता दोन पूर्ण उन्हाळे गेले. मधे पहिलं लायनर तेरा महिन्यांनी काठाशी चिरलं, तेव्हा पैसे जमवून मी पुन्हा त्याच प्रकारचं घेतलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्याच्या त्याच्या स्टंपचा आकार वेगळा, हाडं वेगळी, कातडी वेगळी. पण प्रकार नीट सांगते, म्हणजे तुमच्या पी अँड ओ सरांना (कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या तज्ज्ञांना) विचारता येईल. साधारण ३ मिलिमीटर जाडीचं सिलिकॉन, खालच्या भागात आणि बाजूंनी लेझरने पाडलेली बारीक बारीक छिद्रं, बाहेरून कापडाचं आवरण आणि तळाला पिन. सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा कडक भाग, ज्यात स्टंप बसतो. ती पिन सॉकेटच्या तळातल्या लॉकमध्ये टकटक करत बसते.

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. २०१६ मध्ये महामार्गावर ट्रकचा धक्का लागला. स्टंप १४ सेंटिमीटरचा आहे. माझं पोळी-भाजीचं घरगुती काम आहे, रोज चाळीसेक डबे. पहाटे साडेपाचला पाय घालते आणि साडेअकराला शेवटचा डबा बांधून होईपर्यंत उभी असते. दोन तवे, सव्वादोनशे पोळ्या. खोलीत कुलर आहे, पण त्याचं तोंड शेगडीकडे करता येत नाही, ज्योत विझते. त्यामुळे मी लायनरबद्दल जे सांगते ते तव्यासमोर सहा तास उभ्या राहणाऱ्या बाईचं सांगणं आहे. एसीत खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला यातलं बरंच वेगळं वाटेल.

आधी काय होतं ते सांगितल्याशिवाय याचं मोल कळायचं नाही.

२०१७ मध्ये शिबिरात पहिला पाय मिळाला. त्याला लायनर नव्हतंच. सुती मोजे चढवायचे, वर प्लास्टिकचं सॉकेट, मांडीला पट्टा. घाम मोज्यात जिरायचा आणि मी दिवसातून तीनदा मोजे बदलायचे. त्या पायाने मला पुन्हा उभं केलं, हे मी कधीच विसरणार नाही. पण पट्ट्यावर सगळा भार, आणि ओल्या सुताची घडी कातडीत रुतली की तिथे सोलवटायचं.

२०१९ मध्ये पिनवालं जेलचं लायनर घेतलं. मऊ, जाड, हाडाला अजिबात बोचत नाही. पहिल्या दिवशी घरभर फिरले आणि सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. घामाचं विचारलं तेव्हा लायनर देणाऱ्यांनी सांगितलं होतं, "काकू, दोन-तीन आठवड्यांत शरीराला सवय होते, घाम कमी होतो." तसा तो कमी झालाही. नोव्हेंबर होता तेव्हा.

मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट, घरोघरी माणसं विलगीकरणात, डबे दुप्पट झालेले. सकाळी दहाच्या सुमारास तव्यावरची पोळी उलटून मी डावीकडे डब्यांच्या ओट्याकडे वळले. मी वळले, पाय वळला नाही. सॉकेट जागच्या जागी राहिलं आणि स्टंप आतल्या आत फिरला. तोल गेला, उजवा हात तव्याच्या कडेवर टेकला. मदतीला असणाऱ्या मावशींनी मागून कमरेला धरलं नसतं तर मी शेगडीवरच गेले असते. "वहिनी, पाय सुटला का?" त्या ओरडल्या.

पाय सुटला नव्हता. पिन लॉकमध्ये घट्ट होती. सुटलं होतं ते कातडीपासून लायनर. लायनर अंगाला धरून राहतं ते कातडीला चिकटून. मधे पाण्याचा पातळ थर आला की ती पकड जाते. मग लॉक कितीही भारी असलं तरी उपयोग नाही, कारण लॉकने धरलंय लायनरला आणि लायनरने मला सोडलंय. खाली बसून मी ते उलगडलं आणि आतलं पाणी वाटीत ओतलं. मोजायच्या चमच्याने चार चमचे भरलं. हाताच्या भाजल्याचा डाग अजून आहे.

त्यानंतर केसतोडे उठले. लायनरचा काठ येतो तिथे, गुडघ्याच्या मागे. एक फुटला की दुसरा. त्वचेच्या डॉक्टरांनी बारा दिवस पाय घालायचा नाही म्हणून सांगितलं. बारा दिवस मी कुबड्यांवर आणि मावशी एकट्या तव्यावर. त्यात सात गिऱ्हाइकं गेली ती परत आली नाहीत.

यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. घाम येणं हा काही लायनरचा दोष नाही आणि माझाही नाही. पाय कापला की शरीराची तेवढी कातडी कमी होते. कृत्रिम पायाने चालायला कष्ट जास्त पडतात, म्हणजे उष्णताही जास्त तयार होते. ती बाहेर टाकायला जागा मात्र कमी. म्हणून माझी पाठ, डोकं, मान पूर्वीपेक्षा जास्त घामेजतात. आणि जी कातडी लायनरच्या आत असते ती तर झाकण लावलेल्या गंजात असते. घाम वाळला तर अंग थंड होतं. तिथे तो वाळायला वाराच नाही, म्हणून शरीर आणखी घाम सोडतं. माझी आतेबहीण रत्नागिरीची. ती म्हणते, "तुमच्याकडे कोरडी हवा, तुला बरं." लायनरच्या आत कोरडी हवा पोचतच नाही. तिथे अकोला काय आणि रत्नागिरी काय, सारखंच.

अमेरिकेत सिॲटलच्या संशोधकांनी गुडघ्याखाली पाय नसलेल्या माणसांना अर्धा तास चालायला लावून सॉकेटमधल्या कातडीचं तापमान मोजलं. ते साधारण ३ अंशांनी वाढलं, आणि तासभर बसून राहिल्यावरही पूर्ववत झालं नाही. हे मला माझ्या आताच्या पी अँड ओ सरांनी सांगितलं आणि माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. तोवर मला वाटायचं, मधे दहा मिनिटं बसते तरी पाय गारच होत नाही, म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय. बसून फायदा नाही, पाय काढूनच बसायला हवं, हे तेव्हा समजलं.

२०२२ मध्ये मी थंडावा देणारं लायनर घेतलं, ५२ हजाराचं. त्यात मेणासारख्या पदार्थाचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात. हे तंत्र मुळात नासासाठी झालेल्या संशोधनातून आलेलं. काम कसं करतं ते स्वयंपाकघरातल्या माणसाला लगेच कळेल. थिजलेलं तूप कढईत टाकलं की वितळेपर्यंत ते उष्णता पीत राहतं, सगळं वितळलं की मग तापायला लागतं. लायनरमधले कणही तसेच कातडीची उष्णता पिऊन वितळतात, आणि गार हवेत पुन्हा घट्ट होतात. जानेवारीत मला खरोखर फरक जाणवला, घाम उशिरा आला. पण एप्रिलमध्ये माझ्या खोलीत सकाळी आठलाच चाळिशीच्या आसपास तापमान असतं. कण एकदा वितळले की पुन्हा घट्ट व्हायला गार हवा कुठून आणायची? साडेसात-आठपर्यंत त्याचा उपयोग, पुढे ते साध्या जेलच्या लायनरसारखंच. ज्याला दिवसातून थोडं थोडं चालायचं असतं, मधे गारव्यात बसायला मिळतं, त्याला ते चांगलं. माझ्या कामाचं नव्हतं. आणि घेताना मला कोणीही विचारलं नाही की बाई, तुम्ही काम काय करता. स्टंपचा घेर चार ठिकाणी मोजला, वजन घेतलं, छायाचित्रं काढली. कामाचं एका शब्दाने विचारलं असतं तर माझे ५२ हजार वाचले असते. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता या छिद्रांच्या लायनरकडे येते.

हे थंडावा देत नाही. तसा दावाही करत नाही. घाम तितकाच येतो. फरक एवढाच की आलेला घाम कातडीपाशी साचून राहत नाही. पाऊल टाकलं की स्टंप दाबला जातो आणि त्या दाबाने पाणी आणि हवा छिद्रांतून बाहेर, कापडात जातात. तिथून ते सॉकेटच्या तळाशी उतरतं. साडेअकराला पाय काढला की स्टंप दमट असतो, बोटं भिजल्यावर होतात तसा पांढरट सुरकुतलेला नसतो. वाटीत ओतण्याइतकं पाणी या दोन वर्षांत एकदाही निघालं नाही. सॉकेटच्या तळात मात्र ओल असते आणि बाहेरचं कापड पिळण्याइतकं भिजतं.

खरी परीक्षा पहिल्याच उन्हाळ्यात झाली. मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्यात पारा ४५ च्या पुढे गेला आणि प्रशासनाने उन्हामुळे जमावबंदी लावली होती. त्या आठवड्यातही माझे डबे चालू होते. त्या सात दिवसांत पाय मधे दोनदा काढावा लागला, पण वळताना स्टंप फिरला असं एकदाही झालं नाही. मी सहाव्या दिवशी मुद्दाम २०२१ सारखी डावीकडे झटकन वळून पाहिलं, ओट्याला धरून. पाय माझ्याबरोबर वळला. मावशी बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त माझ्या हातातला उलथणा घेतला आणि मला बसायला लावलं.

केसतोडे दोन वर्षांत दोनदाच आले, दोन्ही वेळा माझ्या चुकीने. एकदा स्टंपवरचे केस काढले होते. तसं करू नका, वाढताना केस आत वळतात आणि तिथेच पिकतं. दुसऱ्यांदा लायनर नीट न वाळवता घातलं.

आता याचे तोटे. पहिला आठवडा स्टंपवर छिद्रांचे ठसे उठतात, लाल बारीक ठिपके. मी घाबरले होते. तासाभरात जातात आणि पुढे उठेनासे होतात. सिलिकॉन जेलइतकं मऊ नाही, त्यामुळे माझ्या नडगीच्या टोकाशी पहिले काही दिवस दुखलं. ज्यांच्या स्टंपवर मांस कमी आणि हाड वर आलेलं आहे त्यांनी घालून, चालून पाहिल्याशिवाय घेऊ नये. जाडी वेगळी असल्यामुळे जुनं सॉकेट चालत नाही, नवं करावं लागतं. माझं लायनर ६५ हजार आणि सॉकेट वेगळं. हा खर्च आधी कुणी सांगत नाही, तुम्हीच विचारा.

सगळ्यात मोठी कटकट लॉकची. घाम आता तिथे उतरतो. माझ्या कामात त्यावर कणकेची धूळ बसते आणि दोन्ही मिळून आत चिकटा होतो. एकदा रात्री पिन लॉकमध्ये अडकून बसली आणि मला वीस मिनिटं पाय काढता येईना. तेव्हापासून रोज संध्याकाळी लॉकचं भोक कापडाच्या वातीने पुसते, पिनही पुसते, आणि कणीक भिजवताना सॉकेटवर एक लांब सुती पिशवी चढवते. ती मावशींनी जुन्या परकराच्या कापडाची शिवून दिली.

धुणं रोजचं आहे, त्याला सुट्टी नाही. उलटं करायचं, बिनवासाच्या सौम्य साबणाने हाताने धुवायचं, छिद्रांतून पाणी जातंय का ते नळाखाली धरून बघायचं, मग सरळ करून स्टँडवर सावलीत ठेवायचं. मी उजेडासमोर धरून बघते. छिद्रातून उजेड दिसला नाही तर तिथे काहीतरी अडकलंय. रात्री स्टंपला तेल किंवा मलम लावलं असेल तर सकाळी ते पूर्ण धुऊनच लायनर चढवा, नाहीतर छिद्रं बुजतात. आणि पावडर टाकू नका. मीही जेलच्या लायनरमध्ये वर्षभर टाकत होते. घामात पावडर मिसळून लगदा होतो आणि तो कातडीला घासतो.

घाम मुळातच कमी करायचा उपायही सांगते, कारण एकट्या लायनरने माझं भागलं नसतं. त्वचेच्या डॉक्टरांनी २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचं लोशन दिलं. रात्री स्टंप धुऊन अगदी कोरडा करायचा, लोशन लावायचं, सकाळी धुऊन टाकायचं. पहिल्या तीन-चार रात्री चुणचुण झाली. सुरुवातीला रोज, आता आठवड्यातून दोनदा. कातडी फुटलेली असेल, पुरळ असेल तर लावायचं नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. त्याआधी शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून मी तुरटीचं पाणी लावत होते, त्याने कातडी कोरडी पडून भेगा गेल्या होत्या. ज्यांना लोशनने उतार पडत नाही त्यांना बोटॉक्सची इंजेक्शनं देतात, पण काही महिन्यांनी परत घ्यावी लागतात. मला तशी गरज पडली नाही.

आणखी एक गोष्ट मला एका निवृत्त जवानाकडून मिळाली. त्यांचा पाय पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात बसवलेला. हे केंद्र १९४४ मध्ये जखमी सैनिकांसाठी सुरू झालं. आम्ही दवाखान्यात बाकावर शेजारी बसलो होतो. ते म्हणाले, "ताई, एका लायनरवर दिवस काढू नका. दोन ठेवा. दुपारी बदलायचं, जसे आम्ही मोजे बदलायचो." तेरा महिन्यांचं माझं जुनं लायनर मी म्हणूनच टाकलं नाही. काठाशी चिरलंय, पण घरात बसून डब्यांचा हिशोब करताना चालतं. उन्हाळ्यात साडेआठला दहा मिनिटं पाय काढते, स्टंप पंचाने टिपते, पंख्याखाली उघडा ठेवते. तेवढ्यात मावशी दोन्ही तवे सांभाळतात. पंचा आणि खुर्ची शेगडीपासून सहा पावलांवर कायम ठेवलेली असते, कारण ओल्या लायनरवर सहा पावलांपेक्षा जास्त चालायचं नाही, असं मी स्वतःला बजावलेलं आहे.

अंगावर गुंडाळत चढवायचं सिलिकॉनचं लायनर आइसलंडच्या ओसुर क्रिस्टिनसन यांनी १९८० च्या दशकात आणलं. ते स्वतः कृत्रिम पाय वापरायचे. त्या माणसाचे माझ्यासारख्या कितीतरी जणांवर उपकार आहेत. पण इतक्या थंड देशात सुरू झालेली वस्तू आपल्याकडे वापरायची तर घामाचा प्रश्न सगळ्यात आधी विचारला गेला पाहिजे. आजवर झालेले अभ्यास एकत्र करून पाहिले तर कृत्रिम अवयव वापरणाऱ्या अर्ध्याहून अधिक लोकांना उष्णतेचा आणि घामाचा त्रास होतो, असं दिसलं आहे. तरीही दवाखान्यात गेलात तर हा विषय तुम्हालाच काढावा लागेल. लाजू नका. बायका विशेषतः लाजतात, वासाचं बोलायला संकोच वाटतो. मीही पहिली दोन वर्षं बोलले नाही आणि कातडी खराब करून घेतली. किती वाजता पाय घालता, किती तास उभं राहता, खोली किती तापते, लायनर काढल्यावर आत किती पाणी असतं, हे कागदावर लिहून न्या. मी वाटीचं आणि चमच्याचं सांगितलं, तेव्हाच माझ्या सरांनी छिद्रांच्या लायनरचं नाव काढलं.

उभ्याचं, उष्णतेचं काम असणाऱ्यांनी, म्हणजे शेतात, भट्टीवर, गिरणीत, स्वयंपाकघरात असणाऱ्यांनी हे जरूर बघावं. स्टंप हाडकुळा असेल किंवा रोजचं धुणं-पुसणं होणार नसेल तर घेऊ नका, पैसे वाया जातील. मला पाय करताना जी मदत मिळाली तीत पुढच्या लायनरची सोय नव्हती, आणि लायनर तर वर्ष-सव्वा वर्षात बदलावंच लागतं. म्हणून डाळीच्या डब्याशेजारी मी एक रिकामा डबा ठेवलाय. रोज १८० रुपये त्यात पडतात, डबे कमी गेले तरी.